मनीचा अबोला

“आई, तू मनीला फसवलंस!” दारातून आत पाऊल टाकताच आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने मला सुनावले. मी आधीच दमून गेले होते. हातावर नखांचे ओरखडे, आणि रिक्षाभर मनीचे ते घोगरे ओरडणे. “अगं, तिच्या भल्यासाठीच ना!” असे म्हणत मी टोपलीचे झाकण उघडले. मनी बाणासारखी सुटली आणि पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे जाऊन बसली.

झाले होते असे. बोक्याशी झालेल्या मारामारीत मनीच्या मागच्या पायाला चावा बसला. वरून जखम मोहरीएवढी, पण आत पू झालेला. दवाखान्यात नेणे भागच होते. धरायला गेले तर ती कपाटावर चढली. मग मी युक्ती केली. टोपलीत सुकट ठेवली आणि रोज जेवायला बोलावते तशी “मनी, ये गं ये” अशी हाक मारली. बिचारी शेपटी उभी करून आली, टोपलीत शिरली आणि मी झाकण लावले. पुढे रिक्षाची घरघर, दवाखान्यातला भुंकणारा कुत्रा, अनोळखी हात आणि सुई!

त्या रात्री मनी जेवली नाही. मी पलंगाखाली हात घातला तर फिस्कारून पंजा मारला. दुसऱ्या दिवशी ती लेकीजवळ गेली, ह्यांच्या पायाशी घुटमळली, माझ्याजवळ मात्र आली नाही. ‘ये गं ये’ म्हटले की उलट आणखी आत सरकायची. मांजराला घराचा लळा असतो, माणसाचा नाही, असे म्हणतात. मग माझ्यावरच एवढा राग का? लेकीचे वाक्य मनात टोचत राहिले. दवाखान्यात नेले ही माझी चूक नव्हतीच. जेवणाची हाक मी पकडण्यासाठी वापरली, ही होती.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “ओढून बाहेर काढू नका. मांजर आपलं घर वासानं ओळखतं. तिच्या अंगाला अजून दवाखान्याचा वास आहे, तो जाऊ द्या.” एक मात्र त्यांनी बजावले. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर रुसवा समजून स्वस्थ बसायचे नाही, लगेच घेऊन यायचे. मांजराला उपास सोसत नाही, लिव्हरवर परिणाम होतो. सुदैवाने दुपारी लेकीने पुढे केलेला उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तिने खाल्ला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग मी मागे लागणे सोडले. गोळ्या देण्याचे काम ह्यांनी अंगावर घेतले, माझ्याकडे फक्त जेवण ठेवले. मी रोज संध्याकाळी शेंगा सोलत जमिनीवर बसे, तिच्याकडे रोखून न पाहता. नजरानजर झालीच, तर डोळे अर्धवट मिटून हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले आहे, की अशी संथ उघडझाप केली तर मांजरेही तसेच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला अधिक तयार होतात. घरातल्यांना वाटले, मला झोप येते आहे!

जुनी हाक मी बंदच केली. त्याऐवजी ताटलीवर चमचा वाजवू लागले. हा आवाज फक्त जेवणाचा, हे मनाशी पक्के ठरवले. टोपली माळ्यावर न टाकता झाकण काढून कोपऱ्यात ठेवली आणि आत मनीची जुनी गोधडी घातली. पहिले चार दिवस तिने टोपलीकडे ढुंकून पाहिले नाही. सातव्या दिवशी मी शेंगा सोलत असताना गुडघ्याला काही मऊ लागले. मनी गाल घासत होती. मांजराच्या गालाशी वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास आपल्या माणसाला लावते. मी हललेसुद्धा नाही.

महिन्याने लस टोचायला पुन्हा जायचे होते. तोवर मनी त्याच टोपलीत झोपू लागली होती. मी चमचा वाजवला नाही की हाक मारली नाही. ती आत असताना झाकण लावले आणि वरून माझी जुनी साडी पांघरली. ती गुरगुरली, नाही असे नाही. घरी आल्यावर पुन्हा पलंगाखालीही गेली. पण संध्याकाळी चमचा वाजला आणि ती बाहेर आली.

पुढच्याच आठवड्यात लेकीची दाढ काढायची होती. ‘नुसतं दाखवून येऊ’ असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. तिने विचारले, “आई, दुखेल का गं?”

“थोडं दुखेल,” मी म्हटले, “पण मी तुझा हात धरून बसेन.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि चपला पायात घातल्या.