प्रभाताई, हिराबाई आणि आययू

आमच्या लहानपणी नरसोबाच्या वाडीत गाणं म्हटलं की पुरुषांचाच आवाज. संध्याकाळी देवळात करुणात्रिपदी, पालखीच्या वेळची पदं, सगळं पुजारी मंडळींच्या खड्या गळ्यातलं. टेंबे स्वामींनी करुणात्रिपदी इथंच १९०५ साली रचली. ती गावातल्या पोराटोरांनाही तोंडपाठ. देवळाच्या वाटेवर पेढ्यांच्या दुकानांशेजारी कॅसेटवाले, आणि त्यांच्याकडं दिवसभर आर. एन. पराडकरांची दत्तगीतं. बायका गात नव्हत्या असं नाही. घरोघरी ओव्या होत्या, भोंडला होता, पण त्या गळ्यांची नावं कुणी कॅसेटवर छापत नव्हतं.

गायिका प्रभा अत्रे मला रेडिओवर सापडल्या. रात्रीची वेळ, मारू बिहाग राग चाललेला, आणि निवेदिका नाव सांगणार तेवढ्यात लाईट गेली. ते नाव कळायला पुढं कितीतरी दिवस गेले. कॅसेट मिळाली मिरजेत. दुकानदार जाणकार होता. म्हणाला, "हे आवडलं ना ताई? मग ह्यांच्या गुरूंचं ऐका. हिराबाई बडोदेकर. आपल्या मिरजेतच जन्मल्या."

अब्दुल करीम खाँसाहेबांची ही लेक, जन्म १९०५. घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जलसे केले आणि व्यासपीठावर मानानं बसून गायल्या. त्यांच्यामागून सरस्वतीबाई राणे आल्या, त्यांची धाकटी बहीण. दोघींची जुगलबंदी मी पुढं मिळवून ऐकली. एका आवाजापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला मला वर्षं लागली. एसटीचे पैसे साठवायचे, दुकानदार सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, आणि कॅसेटच्या आतल्या कागदावरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचायची.

माझी भाची जयसिंगपूरला कॉलेजात जाते आणि गर्दीच्या दिवशी आमच्या दुकानात बासुंदीचे डबे भरते. कानात कोरियन गाणी. सुरुवात ब्लॅकपिंक या चौघींच्या गटापासून झाली. मग त्यांच्यातली रोझे एकटी गायला लागली, तेव्हापासून हिला चौघींच्या घोळक्यापेक्षा एकटीचा गळा जास्त आवडू लागला. तसं शोधता शोधता आययू सापडली. पंधराव्या वर्षी, २००८ साली पहिलं गाणं. कुठल्या गटातून न येता एकटीच उभी राहिलेली, पुढं स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी.

"आत्या, हा शेवट ऐक," म्हणून तिनं एक इअरफोन माझ्या कानात घातला. २०१० चं 'गुड डे'. शेवटी सूर एका दमात तीन पायऱ्या चढतो, आणि प्रत्येक पायरीवर वाटतं, आता झालं. मी तिला पुन्हा लावायला सांगितलं.

तिचं सगळं मिनिटांत होतं, हे खरं. वाट पाहणं गेलं, आणि ते गेल्याचं मला वाईट वाटतं. गाणाऱ्या बाईंचं नाव कळेपर्यंतच्या त्या दिवसांत मारू बिहाग माझ्या डोक्यात सारखा चालू असायचा. घरभर ऐकू येणारं गाणं गेलं, त्याचं तर जास्तच वाईट वाटतं. पण आययूनं जुनी कोरियन गाणी नव्यानं गायली आहेत, त्यांतलं 'ऑटम मॉर्निंग' ऐकून ही पोर तिथं थांबली नाही. मूळ कुणाचं, म्हणून तिनं श्रेयनामावली उघडली आणि यांग ही-उनपर्यंत पोचली. तिचं १९९१ चं मूळ गाणं ऐकलं, मग १९७१ चं 'मॉर्निंग ड्यू'. त्यावर पुढं तिथल्या राजवटीनं बंदी घातली, तरी विद्यार्थी ते गात राहिले, हे तिनं मला बासुंदीच्या डब्याला झाकण लावता लावता सांगितलं. मिरजेतल्या दुकानदाराचं काम तिनं स्वतःच केलं होतं.

मग मी तिला हिराबाई-सरस्वतीबाईंची जुगलबंदी लावायला सांगितली. फोनवर ती लगेच मिळाली. कोणता आवाज कुणाचा, हे ओळखायचा नाद आता तिला लागलाय. थोरलीचा गळा ती बरोबर सांगते. ताना सुरू झाल्या की मात्र अजून माझ्याकडं बघते.