रोहिणी दिसली का?



रोहिणी व्रत मी सासूबाईंकडून घेतलं. उपवासाची तारीख कॅलेंडरात बघायची, आकाशात कधीच नाही. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा संध्याकाळी विचारायच्या, "रोहिणी दिसली का गं?" सूर्यास्ताआधी घरच्यांची ताटं आवरायची घाई, मी आतूनच "हो" म्हणायचे.

यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा गच्चीवर गेले. अर्ध्याहून थोड्या कमी चंद्राजवळ तांबूस रोहिणी. मग बी.कॉम.ची सवय, हिशोब मांडला. चंद्राची नक्षत्रांमधली फेरी २७.३ दिवसांची, अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस. म्हणून दर भेटीत तो सुमारे दोन दिवसांनी लहान. नोव्हेंबरअखेर जवळजवळ पूर्ण, एप्रिलमध्ये कोर. जूनच्या सुरुवातीला मात्र रोहिणी सूर्यापाशी असते, दिसतच नाही.

त्या दिवसांतही मी "हो" म्हटलं होतं. जन्मभर आकाश बघितलेल्या सासूबाईंना ते कळलं नसेल? त्या फक्त "बरं" म्हणायच्या.

क्षमावाणीला दरवर्षी त्यांच्या पाया पडून क्षमा मागायचे. या "हो"ची मागायची राहूनच गेली. आता दर रोहिणीला आधी गच्चीवर जाते. ढग असले, तर नातीला स्पष्ट सांगते, "आज नाही दिसली."