पायाखालची ऊब

जमीन तापवायला पैसे मोजावे लागतात, हे आम्हा खानदेशी माणसांना पटवून देणं अवघड आहे. आमच्या भडगावात एप्रिल-मे महिन्यात सूर्यनारायण हे काम फुकटात करतो. पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नसते, आणि रात्री दहा वाजता अंगणात पाणी मारलं तरी फरशी वाफा सोडत राहते. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीआधी आम्ही दोघं धाकट्याकडे इंग्लंडमध्ये लीड्सला गेलो आणि तो म्हणाला, "आप्पा, न्हाणीघराच्या फरशीखाली हीटर घालतोय," तेव्हा मला हसूच आलं.

पण मंडळी, तिथली थंडी निराळी बरं का! आपल्याकडे गिरणाकाठी पौषात हुडहुडी भरते खरी, पण नऊ-दहा वाजता ऊन अंगावर आलं की सगळं विसरायला होतं. तिथे ऊन म्हणजे पाहुणा. धाकट्याचं घर जुनं, न्हाणीघर मागून वाढवलेलं, खाली नुसतं काँक्रीट. सकाळी तिथे पाय ठेवला की थंडी थेट गुडघ्यापर्यंत चढायची. आमच्या हिला वीस वर्षांपासून शुगर आहे, गुडघेही दुखतात. तिच्यासाठीच त्याने हा घाट घातला होता. तोंडाने म्हणाला नाही, पण आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यात काम काढलं, यावरून समजायचं ते समजलो.

मी भाषा-इतिहास शिकवणारा मास्तर, विजेतलं मला काही कळत नाही. पण रिकामा होतो, म्हणून स्टूल टाकून सगळं काम पाहिलं. जसं पाहिलं तसं सांगतो.

आधी काँक्रीटवर इन्सुलेशनचे बोर्ड चिकटवले. ते नसले तर निम्मी ऊब खाली जमिनीलाच जाते आणि वर यायला फार वेळ लागतो. त्या बोर्डांवर हीटरची चटई पसरायची. चटई म्हणजे फायबरची जाळी आणि तिच्यावर नागमोडी बसवलेली बारीक केबल. वळवायची असेल तर फक्त जाळी कापायची, केबल कधीच कापायची नाही. टब किंवा कायमचं कपाट जिथे बसणार, त्याच्याखाली ती घालायची नाही, कारण तिथली उष्णता कोंडून राहते. केबलच्या दोन ओळींच्या मधोमध एका नळीत सेन्सर सरकवायचा. फरशी किती तापली हे तो भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला सांगतो. नळी अशासाठी की पुढे सेन्सर बिघडला तर फरशी न फोडता ओढून बदलता यावा. हे सगळं झालं की लवचीक जातीचं टाईल अ‍ॅडहेसिव्ह पसरून वर टाईल्स. तापल्यावर फरशी किंचित फुगते, निवल्यावर आक्रसते, साधा सिमेंटचा माल तिथे तडकतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तीनदा घ्यायची परीक्षा. मास्तराला दुसरं काय आवडणार! केबलचा रोध मल्टिमीटरने मोजायचा: एकदा चटई खोक्यातून काढल्यावर, एकदा अंथरल्यावर आणि एकदा टाईल्स बसल्यावर. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवायचे. नातीने मला गणित करून दाखवलं. तीन चौरस मीटरची चटई, मीटरला १५० वॅट, म्हणजे ४५० वॅट. विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० चा वर्ग ५२,९०० भागिले ४५०, म्हणजे साधारण ११७ ओहम. मीटरवर ११९ आले. थोडा फरक चालतो, तेवढी सूट लेबलावरच दिलेली होती. पोरगी पास, चटई पास.

दुसऱ्या दिवशी टाईल्स बसवणारा आला. धाकट्याने मीटर केबलला जोडूनच ठेवला होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. अकराच्या सुमाराला मीटरवरचा आकडा गेला. काम तिथेच थांबवलं. शेवटच्या तीन टाईल्सखालचं अ‍ॅडहेसिव्ह अजून ओलं होतं, म्हणून त्या अलगद उचलता आल्या. माल सारखा करताना दातेरी थापीची कड लागून केबल तुटली होती. कारागीर बिचारा ओशाळला. इलेक्ट्रिशियनने येऊन कंपनीच्या दुरुस्ती-पाकिटातून जोड दिला, पुन्हा सगळ्या चाचण्या केल्या, तेव्हा काम पुढे गेलं. (तिथे न्हाणीघरातल्या असल्या विजेच्या कामाला कायद्याने प्रमाणपत्र लागतं, २००५ पासून.) हाच दोष टाईल्स पक्क्या झाल्यावर निघाला असता, तर तुटलेली जागा यंत्राने हुडकून नवी फरशी फोडावी लागली असती.

तेव्हा मला आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांची आठवण झाली. कोबा किंवा शहाबादी घालण्याआधी ते मुरूम टाकायचे, पाणी मारायचे, धुमसाने चोपायचे, परत पाणी, परत चोपणी. आम्हा पोरांना वाटायचं, हे काय खेळ करत बसलेत! पण फरशी वाजते की नाही, हे त्या चोपणीवर ठरायचं आणि चोपणी नंतर कुणालाच दिसायची नाही.

ही कल्पना काही आजची नाही. धाकट्याने आम्हाला बाथ नावाच्या गावी रोमन लोकांची स्नानगृहं दाखवायला नेलं. तिथे विटांचे बुटके खांब ओळीने उभे आहेत. त्यांच्यावर फरशी तोललेली असायची आणि भट्टीतली गरम हवा मधल्या पोकळीतून खेळायची. कोरियात 'ओंडोल' म्हणून हीच युक्ती आहे, चुलीचा धूर फरशीखालून फिरवायचा. आपल्या काश्मिरात हमाम असतो. दगडी लाद्यांची खोली, खाली लाकडांचा जाळ, घरातली माणसं वर बसलेली. आणि आमच्या खानदेशच्या फारुकी सुलतानांची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर, तिथल्या शाही किल्ल्यातही मोगलांचा हमाम आहेच. फरक एवढाच, की त्या काळी जाळावर लक्ष ठेवायला माणूस बसायचा आणि आता सेन्सर बसतो.

टाईल्स बसल्या, सांधे भरून झाले. तरी लगेच चालू करायचं नव्हतं. माल आपोआप वाळला पाहिजे, हीटरने वाळवला तर कमकुवत होतो. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे आठ दिवस थांबलो. मग एका रविवारी सकाळी धाकट्याने बटण दाबलं. अर्ध्या तासाने नात आत जाऊन नाचली, सूनबाई उभ्या राहिल्या, मी उभा राहिलो. खरंच, कुणीतरी पायाखाली गोधडी अंथरावी तशी ऊब!

मग ही गेली. उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहतोय. ती म्हणाली, "गरम आहे का रे? मला तर काही कळत नाही."

धाकट्याला वाटलं बिघाड झाला. तो थर्मोस्टॅट पाहायला लागला. हिने खाली वाकून तळहात टेकवला आणि हसली. "आहे आहे, छान कोमट आहे. बाळा, फरशीला काही झालं नाही. माझ्याच तळव्यांना कळेनासं झालंय."

धाकटा काही बोलला नाही. तिथेच कमोडच्या झाकणावर बसून राहिला. त्याची मेहनत वाया गेली म्हणून नाही. आईचे पाय बधिर होत चाललेत आणि आपण दर रविवारी फोनवर फक्त शुगरचा आकडा विचारतो, हे त्याला लागलं. हिनेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "अरे, गुडघ्यांना कळतंय ना! सकाळी ठणका कमी आहे." आणि ते खरंही होतं.

संध्याकाळी त्याने फरशीच्या तापमानाची कमाल मर्यादा २७ अंशांवर आणून ठेवली. वावरायच्या खोल्यांत साधारण २९ आणि न्हाणीघरात ३३ पर्यंत चालतं म्हणतात, पण ज्या पायांना चटका कळत नाही त्यांच्यासाठी कमीच बरं. शिवाय 'आईने उघड्या पायाने एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही,' असा हुकूमही काढला. खर्चाचं म्हणाल तर ४५० वॅट, रोज दोन तास, म्हणजे महिन्याला फार तर २७ युनिट. फरशी तापली की थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच.

परत आल्यावर जळगावला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नायलॉनचा एक धागा तळव्याला जागोजागी टेकवला आणि हिला डोळे मिटून 'कळलं' म्हणायला सांगितलं. काही ठिकाणी ती गप्प राहिली. बरीच वर्षं शुगर असली की नसा अशा मंदावतात, आणि बहुधा सुरुवात पायांपासून होते. डॉक्टर म्हणाले, ही तपासणी दरवर्षी करा, रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहा, घरातही चप्पल घाला, अंघोळीचं पाणी पायाने नाही तर कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासा, शेकायला गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका.

नातेवाइकांपैकी निम्म्या जणांना शुगर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. इंग्लंडची फरशी २७ अंशांना थांबते, आपल्या देवळाच्या आवारातली मे महिन्यात कुठे थांबते? तिथे अनवाणी प्रदक्षिणा घालताना फोड आलेला कळतच नाही, आणि पुढे त्याची जखम चिघळते. देव काही रागावणार नाही, पायमोजे घालून जा, नाहीतर सकाळी लवकर जा.

आता रात्री जेवणं झाली की मी चष्मा लावून हिचे तळवे पाहतो. तिला अजूनही लाज वाटते. म्हणते, पन्नास वर्षांत कधी पायांकडे पाहिलं नाहीत! रविवारी धाकट्याचा फोन येतो. हल्ली तो शुगर नंतर विचारतो, आधी पाय विचारतो.