काळ्या दरीच्या तळाशीं

ज्या घरांत मासळीचा वासहि कधीं आला नाहीं, त्या घरांतील एका पेन्शनर मास्तरानें मत्स्यमृगयेवर लेखणी चालवावी, हें पाहून वाचक हंसतील; त्यांनीं खुशाल हंसावें. परंतु गेल्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत आमच्या चिरंजिवाकडे आमचें जाणें झालें, तेव्हां जें पाहिलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

चिरंजिवास या छंदाचें वेड लागल्याचें आम्हांस दोन वर्षांपूर्वीं कळलें होतें. तेव्हां आम्हीं त्यास चार पानी पत्र लिहिलें. त्यांत अहिंसेपासून कुलाचारापर्यंत सर्व कांहीं होतें. उत्तर आलें नाहीं, व पुढें टेलिफोनवर हवापाण्याखेरीज बोलणें होईना. या खेपेस मात्र तो एवढेंच म्हणाला, "आप्पा, एकदां येऊन पाहा, मग काय तें बोला."

गनिसन नदीनें कोरलेल्या त्या खोल घळीस तिकडे 'काळी दरी' असेंच म्हणतात. दोन्ही कडे इतके ताठ व इतके जवळ कीं कित्येक ठिकाणीं तळाशीं दिवसांतून थोडाच वेळ ऊन पोंचतें. एके ठिकाणीं तर पात्राजवळ दोन भिंतींत जेमतेम ४० फुटांचें अंतर आहे. रंगीत पट्ट्यांचा एक कडा २२५० फूट उंच असून साऱ्या कोलोराडोंत त्याहून उंच कडा नाहीं. हे खडक सुमारें १७० कोटी वर्षांचे. आमच्या संकल्पांतील मन्वंतरांची गणना ऐकून हंसणाऱ्यांनीं हा आंकडा एकवार पाहावा! १९३३ सालीं ही दरी राष्ट्रीय स्मारक झाली, व १९९९ सालीं राष्ट्रीय उद्यान.

तळाशीं उतरण्यास आंखलेल्या वाटा नाहींत. परवाना घेऊन दगडधोंड्यांच्या घळींतून उतरावें लागतें, व एका वाटेवर तर ८० फूट सांखळी धरून. आमच्या गुडघ्यांनीं ती वाट न पाहतांच नाकारली. सुदैवानें एक भयंकर उताराचा मोटाररस्ताहि आहे. तो जेथें संपतो, तेथें नदीचें पाणी डोंगरापलीकडील कोरड्या खोऱ्यांत नेणाऱ्या बोगद्याचें तोंड आहे. जवळजवळ सहा मैलांचा हा बोगदा १९०९ सालीं अध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्तें खुला झाला.

या पाण्यांतील ट्राउट मासे 'वन्य' म्हणजे हौदांत वाढवून सोडलेले नव्हेत, नदींतच जन्मलेले. परंतु त्यांचें कुळ परकें! तपकिरी ट्राउट १८८३ सालीं युरोपांतून अमेरिकेंत आला; तांबूस पट्ट्याचा इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक किनाऱ्याकडचा. मूळचा रहिवासी गळ्याखालीं लाल रेघ असलेला तिसराच. तरी जे येथें जन्मले ते येथलेच झाले. आमच्या नातवंडांकडे पाहून हा न्याय आम्हांस चटकन् समजला. १९९० नंतरच्या दशकांत एका परोपजीवी जंतूनें इंद्रधनुषी माशांचा फडशा पाडला, म्हणून येथें तो सांपडल्यास तत्काळ सोडून द्यावा असा नियम आहे. आमिष लावण्यासहि बंदी. गळ कृत्रिमच पाहिजे.

तो गळ म्हणजे कोंबड्याचीं पिसें, हरणाचे केंस व रेशीम यांची बांधलेली माशी. जूनमध्यें तळाचे दीड-दोन इंची किडे दगडांवर चढून कात टाकतात, पंख फुटून उडतात व पाण्यांत पडतात. त्यांचीच ती प्रतिकृति. माशीस वजन नसतें, वजन दोरीस. दोरी मागें फेंकावी, ती पूर्ण सरळ होईतों थांबावें, मगच पुढें झटकावी. थांबतां येत नाहीं त्याला ही विद्या येत नाहीं. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, पाणी न खळबळवितां जावयाचें. लहानपणीं पाढे म्हणतांना एका जागीं न बसणारा आमचा मुलगा तेथें तासभर बगळ्यासारखा उभा राहिला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

पहिला मासा इंद्रधनुषी निघाला. हात आधीं पाण्यांत भिजवून (कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेप निघतो) त्यानें गळ काढला, व अर्ध्या मिनिटांत तो सुटला. दुसरा तपकिरी, हातभर लांब. गळ कल्ल्याजवळ रुतला होता. रक्त आलें. हा मासा ठेवून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती; परंतु चिरंजीव कमरभर पाण्यांत, दोन्ही हातांनीं त्यास प्रवाहाकडे तोंड करून धरून राहिला. मनूच्या ओंजळींत आलेल्या माशाची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. ओंजळींत मासा धरलेला मनुष्य मात्र आम्ही प्रथमच पाहत होतों. घड्याळांत सतरा मिनिटें गेलीं. मग शेंपूट हललें, व मासा खोल पाण्यांत दिसेनासा झाला. तो जगला कीं नाहीं, देव जाणे.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत शिपाई कोळ्याच्या धंद्याची टर उडवितात, तेव्हां तो म्हणतो कीं जन्मजात कर्म निंद्य असलें तरी सोडूं नये. दयाळू श्रोत्रियहि यज्ञांत पशु मारतांना कठोर होतोच. हें उत्तर शिकवितांना आम्ही नेहमीं घाईनें पुढें जात असूं. पण कोळ्याचें पोट तरी त्यावर होतें. आमच्या मुलाची ही केवळ करमणूक. पत्रांतील हें मुख्य कलम आम्ही अजूनहि मागें घेत नाहीं.

त्यानें काठीचे सांधे सोडविले व तो शेजारच्या धोंड्यावर येऊन बसला. "तुमचें पत्र तीनदां वाचलें, आप्पा. उत्तर सुचलें नाहीं, म्हणून लिहिलें नाहीं," तो म्हणाला. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. धरणाच्या तळांतून सोडलेलें तें पाणी जूनमध्येंहि बर्फासारखें असतें. त्याचीं बोटें निळीं पडलीं होतीं. सूनबाईंनीं दिलेला चहा आम्हीं पेल्यांत ओतला. त्याला पेला धरतां येईना, तेव्हां तो आम्हींच त्याच्या तोंडाशीं धरला.