कचेरीतलं पर्जन्यमापक

पूर्वी पंढरपुरात पावसाचा अंदाज मिळायचा तो सोलापूरच्या दाते पंचांगातून, नाहीतर रेडिओवरच्या बातम्यांतून. मृगाचं वाहन म्हैस किंवा बेडूक निघालं की घरातली जुनी माणसं खूश. पडलेला पाऊस मात्र कचेरीच्या आवारात मोजला जाई. तारेच्या कुंपणात अर्धवट पुरलेलं पर्जन्यमापक असायचं. सकाळी साडेआठला कारकून नरसाळं उचलून बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, माप डोळ्यांसमोर धरायचा आणि आकडा वहीत टिपायचा. आम्ही पोरं कुंपणाशी उभी. "किती झाला, काका?" तो सांगेल तो आकडा दुपारपर्यंत मंडईत पोचलेला असे.

एवढ्या साध्या वस्तूमागेही कुणाचे कष्ट असतील, हे तेव्हा मनातही आलं नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हवामानाची साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. 1948 मध्ये अ‍ॅना मणी पुण्याच्या हवामान खात्यात, पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, रुजू झाल्या. मूळच्या केरळातल्या पीरमेडच्या. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे हिऱ्या-माणकांवर संशोधन केलं, पण एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. हा अन्यायच होता. पुण्यात त्यांनी सुमारे 100 उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथंच बनू लागली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा खाक्या. पुढे सूर्याची ऊर्जा मोजणारी केंद्रं उभारली, फुग्याबरोबर आकाशात जाणारं ओझोनमापक घडवलं. भारतातल्या सौर प्रारणाची आकडेवारी 1980 मध्ये ग्रंथरूपात दिली. आज आपल्या गच्च्यांवर सौर पॅनेल दिसतात, तेव्हा मला त्यांची आठवण होते.

आता अंदाज खिशातल्या मोबाइलवर येतो. आषाढीला उजनी आणि वीर धरणांचा विसर्ग घटकेघटकेला कळतो, नदीच्या वाळवंटातल्या वारकऱ्यांना वेळेत सावध करता येतं. ही सोय मोठीच आहे. पण महसूल मंडळागणिक उभ्या राहिलेल्या स्वयंचलित केंद्रांशी "किती झाला?" विचारणारं कुणी उभं नसतं. पूर्वी आकडा चुकला तर वही चुकायची. आता द्राक्ष-डाळिंबाचा हवामानावर आधारित विमा त्याच आकड्यावर ठरतो. तेव्हा बागायतदार मंडळींनो, आपल्या मंडळातलं केंद्र एकदा जाऊन बघा. त्यावर झाडाची फांदी आली असेल, वेल चढला असेल, तर कृषी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.