उभं कुठे राहायचं?

आइस हॉकीवर सोलापूरच्या माणसाने लेख लिहावा हा खरं तर विनोदच! आमच्याकडे बर्फ म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली लादी, नाहीतर काडीवरचा कालाखट्टा गोळा. बाकी मे महिन्यात ४२-४३ डिग्री. अशा गावातून आपल्या कॉलेजात आलो, २००८ साली मेकॅनिकल करून बाहेर पडलो आणि नोकरीच्या निमित्ताने फिरत फिरत अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन पडलो. या राज्याचं टोपणनावच 'दहा हजार तळ्यांचं राज्य'. हिवाळ्यात ही तळी दगडासारखी गोठतात आणि आपल्याकडची पोरं जशी गल्लीत भिंतीवर खडूने स्टंप काढून खेळतात, तशी इथली पोरं तळ्यावर हॉकी खेळतात. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ज्या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, त्यातले २० पैकी १२ खेळाडू मिनेसोटाचे होते. यावरून कल्पना करा.

२०२२ च्या हिवाळ्यात ऑफिसातल्या काही जणांनी प्रौढ नवशिक्यांच्या संघात नाव घातलं. मलाही ओढलं. वय वर्षं ३६, पायात स्केट कधी घातलेले नाहीत. बर्फाचं भाडं वर्गणी काढून भरायचं, ते चांगलंच महाग. पण एक गोष्ट कळली. गोलरक्षकाला, इथल्या भाषेत 'गोली'ला, बरेच ठिकाणी वर्गणी माफ असते! कारण ते काम करायला कोणी तयार नसतं. आता 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर अस्सल मराठी इंजिनिअर मागे हटेल का? (फुकट का आहे हा प्रश्न नंतर पडतो.)

उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. 'पक' म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची टणक रबराची चकती. वजन साधारण १६० ग्रॅम, म्हणजे आपल्या सीझन बॉलएवढंच. फरक एवढाच की बॅट्समनच्या हातात बॅट असते आणि चेंडू सोडून द्यायची मुभा असते. गोलीने सोडला की गोल. त्यासाठी पायांना गादीएवढे पॅड, छातीवर कवच, एका हातात झेल घ्यायचा ग्लोव्ह, दुसऱ्या हातात ब्लॉकर आणि रुंद पात्याची स्टिक, तोंडावर मास्क. एकेकाळी हा मास्कसुद्धा नव्हता. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या सामन्यात माँट्रियलच्या जॅक प्लाँटच्या चेहऱ्यावर पक आदळला. टाके घालून तो परत आला तो मास्क लावूनच. त्याच्या कोचला ते बिलकुल पसंत नव्हतं. पण प्लाँटने मास्क काढला नाही आणि हळूहळू सगळ्यांनीच लावला.

पहिला महिना फक्त पडणं आणि उठणं. ऑफिसात वीस जणांची टीम सांभाळणारा मी, बर्फावर कठड्याला धरून उभा! शेजारून सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली उलटी स्केटिंग करत जायची आणि कौतुकाने माझ्याकडे बघायची. आई-बाबांचा फोन आला की बाबा म्हणायचे, "अरे, या वयात हाडं मोडून घ्यायची हौस का? बॅडमिंटन खेळ की." त्यांचंही बरोबर होतं. लहान मूल पडतं तेव्हा त्याला पडण्याचं काही वाटत नाही. मोठ्या माणसाला गुडघ्याआधी अब्रू लागते. मोठेपणी काही नवीन शिकण्यात हीच खरी अडचण आहे.

आमचा कोच साठीकडे झुकलेला. त्याने पहिल्यांदा काय शिकवलं असेल? झेल नाही, बचाव नाही. उभं कुठे राहायचं ते. मला वाटत होतं, गोली म्हणजे विजेसारखे रिफ्लेक्सेस. कोच म्हणाला, हिशोब कर. मग केला. आमच्यासारख्यांच्या सामन्यातही बरा फटका ताशी ६० मैलांनी येतो, म्हणजे सेकंदाला ८८ फूट. ३० फुटांवरून मारला तर तो ०.३४ सेकंदात जाळीत. डोळ्याने पाहून हात हलायला सुरुवात होईपर्यंतच ०.२ सेकंद गेलेले असतात. उरलेल्या वेळात चाळिशीकडे झुकलेला माणूस काय दिवे लावणार?

पण आता नववीतले समरूप त्रिकोण आठवा. गोल ६ फूट म्हणजे ७२ इंच रुंद. मी पॅड-बिड घालून साधारण ३६ इंच. गोलच्या रेषेवर उभा राहिलो तर निम्मं गोल उघडं. तोच मी ६ फूट पुढे, क्रीजच्या टोकाशी येऊन उभा राहिलो तर ३० फुटांवरच्या फटकेबाजाच्या दृष्टीने तिथे झाकायची रुंदी उरते जेमतेम ५८ इंच. त्यातले ३६ माझे. म्हणजे हात न हलवता निम्म्यावरून ६२ टक्क्यांवर! आणखी पुढे आलो तर आणखी कमी. मात्र फार पुढे आलं की समोरचा बाजूच्याला पास देतो आणि मागे सगळं गोल मोकळं. म्हणजे हा सगळा ऑप्टिमायझेशनचा प्रॉब्लेम. पक आणि गोलचा मध्य यांना जोडणारी रेषा मनात काढायची, तिच्यावर उभं राहायचं, पक सरकला की आपणही सरकायचं. गुडघे आत घेऊन पॅड दोन्हीकडे पसरत खाली बसायचं, याला 'बटरफ्लाय' म्हणतात. परत उठून डावीकडे जायचं असेल तर आधी उजवा पाय उचलायचा आणि त्यानेच ढकलायचं. सांगायला सोपं. शरीराला हे पटायला माझा एक अख्खा हिवाळा गेला.

दुसरा धडा गोल झाल्यानंतरचा. गोलीच्या मागे दिवा लागतो, समोरचे नाचतात, आपले पाठ फिरवून जातात. कोचने सांगितलेलं औषध सोपं होतं. जाळीच्या वर पाण्याची बाटली ठेवलेली असते, ती उचलायची, एक घोट प्यायचा, लांबची एखादी वस्तू बघायची, बाटली जागेवर ठेवायची. बाटली खाली तो गोल संपला. १९८० च्या त्या सामन्यात अमेरिकेच्या जिम क्रेगवर सोव्हिएत खेळाडूंनी ३९ फटके मारले. त्याने ३६ अडवले. पण तीन गोल झालेच ना! तिसऱ्या गोलचं ओझं घेऊन तो उभा राहिला असता तर आज त्याचं नाव कोणी घेतलं नसतं.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, मी रेफरीची नोंदणी केली. ऑनलाइन कोर्स, पुस्तक उघडून द्यायची परीक्षा (आपल्याकडे असती तर!), बर्फावरचं प्रशिक्षण, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आणि बोटात अडकवायची शिटी. वाटलं होतं, इथे तरी आपण फटक्यांपासून लांब. तर तिथेही पहिला धडा काय? उभं कुठे राहायचं! मुलांच्या सामन्यात बहुधा दोनच रेफरी असतात. एक गोलच्या रेषेपाशी, दुसरा निळ्या रेषेवर. पक पूर्णपणे गोलरेषेपार गेला तरच गोल, आणि ते रेषेच्या सरळीत उभ्या असलेल्यालाच दिसतं. ऑफसाइड निळ्या रेषेवरच्याला दिसतो. गॅलरीत बसलेल्या आई-वडिलांना यातलं काहीही दिसत नाही, पण खात्री सर्वात जास्त त्यांनाच असते!

एक नियम मला फार आवडतो. पक रेफरीच्या नजरेआड झाला की त्याने शिटी वाजवून खेळ थांबवायचा. अंदाज करायचा नाही. 'मला दिसत नाहीये' हे सगळ्यांसमोर जाहीर करणारी ही शिटी! आपल्याकडे व्हायवाला कोणी असं म्हणत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तो शनिवार. बारा वर्षांखालच्या मुलांचा सामना. माझा जोडीदार रेफरी चौदा वर्षांचा मुलगा, पहिलाच सीझन. गोलीसमोर गर्दी झाली, पक पॅडखालून सरकला. मुलगा रेषेपाशी होता. त्याने दोन्ही हात आडवे पसरले, गोल नाही. एका संघाचा कोच, माझ्याच वयाचा गृहस्थ, बेंचवरून जे ओरडायला लागला ते इथे छापता येणार नाही. मुलाचा चेहरा पांढराफटक. नियमांपेक्षा या आरडाओरड्यामुळेच कितीतरी नवीन रेफरी हे काम सोडून देतात, हे आम्हाला प्रशिक्षणातच सांगितलं होतं.

मी निळ्या रेषेवर होतो. मला काही दिसलं नव्हतं आणि दिसायची गरजही नव्हती. मी जाऊन मुलगा आणि बेंच यांच्या मधे उभा राहिलो. कोचला म्हणालो, तो रेषेवर होता, त्याने पाहिलं, निर्णय त्याचा. तरी तोंड चालूच राहिलं. मग हात वर केला आणि बेंचला पेनल्टी दिली. त्यांना एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागलं. गॅलरी एकदम चिडीचूप.

मध्यंतरात मुलाने विचारलं, "तुम्हाला ते ऐकू येत नाही का?" म्हटलं, येतं की, सगळं येतं. मग त्याला बाटलीची गोष्ट सांगितली. तो हसला, पाणी प्यायला आणि बाटली कठड्यावर अगदी सावकाश ठेवली. पुढच्या शनिवारी तो माझ्याआधी बर्फावर हजर होता.

मित्रांनो, मी अजूनही साधारणच गोली आहे आणि लहान मुलांचेच सामने बघतो. टाळ्या दोन्हीकडे नाहीत. सगळं सुरळीत झालं तर गोली आणि रेफरी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. पण चपळाई वयाबरोबर जाते, उभं कुठे राहायचं ही अक्कल मात्र छत्तिसाव्या वर्षीही शिकता येते. आणि ती आली की कधीतरी पकच्या वाटेत, कधीतरी एखाद्या घाबरलेल्या पोराच्या पुढे, आपण वेळेवर पोचलेले असतो.