उशिराचा हिशेब

मैत्रिणींनो, ब्लाउज वेळेवर शिवून मिळाला नाही तर आपण शिंप्याला जाब विचारतो. मग हजारो रुपयांचं विमान पाच तास उशिरा सुटलं, तर गप्प का बसायचं?

विमान आता मराठवाड्याला परकं नाही. ‘उडान’ योजनेतली नांदेड–हैदराबाद सेवा २०१७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. लातूरची मंडळी हैदराबाद नाहीतर पुणे गाठतात. माझ्या लातूरच्या वन्सं लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीला निघाल्या होत्या. विमान रद्द झालं, पण निरोप गेला एजंटाच्या फोनवर, कारण तिकिटावर नंबर त्याचा! वन्सं रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून हैदराबादला पोचल्या, तेव्हा कळलं. दिल्लीत नातू त्यांच्याआधी हजर!

आपल्याकडे नियम आहेत बरं का! विमान वाहतूक महासंचालनालयाने ते २०१० साली केले. आधी न कळवता विमान रद्द केलं, तर उड्डाणाच्या अवधीप्रमाणे ५ ते १० हजार रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. हवामानासारखं कारण असेल तर नाही. आणि तिकिटावर प्रवाशाचा नीट संपर्क नसेल, तरीही नाही! नुसत्या उशिराला मात्र चहा-फराळ. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पैसे परत. वाया गेलेल्या वेळेचं मोल शून्य.

युरोपात तसं नाही. तिथे तीन तासांहून जास्त उशीर कंपनीमुळे झाला, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो द्यावे लागतात. अमेरिकेने २०२३ साली असा नियम आणायचं जाहीर केलं, पण २०२५ मध्ये तो बासनात गेला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. असा कायदा आपल्यालाही हवा, असं मला मनापासून वाटतं. दंड बसला की वेळ आपोआप पाळली जाते.

तोवर एवढं करा. तिकीट कुणीही काढो, नंबर स्वतःचाच द्या. तिकीट, संदेश, बिलं जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या कायद्यामुळे आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नांदेडला किंवा लातूरलाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आपला वेळ फुकटचा नाही, हे आधी आपणच मानायला हवं, नाही का?